बंदी उठेपर्यंत

साल्तियो, ५ जुलै १९९६

कोंपाद्रे हिल्दार्दो,

फोन करून करून बोट दुखलं, म्हणून हे पत्र. तुमच्या ऑफिसातली मुलगी दर वेळी म्हणते, "साहेब मीटिंगमध्ये आहेत." साहेब! इतकी वर्षं हॉटेलच्या खोलीत माझेच मोजे घालून फिरणारा माणूस साहेब कधी झाला, मला कुणी कळवलंसुद्धा नाही. क्लबच्या कारभाऱ्यांना आपण खेळाडू "लांब पँटवाले" म्हणून हसायचो, आठवतं का? परवा टीव्हीवर तुम्हाला पाहिलं. लांब पँट शोभते तुम्हाला.

राजधानीतल्या त्या हॉटेलात खेळाडूंचा बाजार भरला होता. तुम्ही क्लबच्या मालकांच्या, दॉन आबुंदिओंच्या, शेजारी बसून हसत होतात. मी इकडे फोनजवळ खुर्ची टाकून बसलो होतो. माझ्या एल्वियानं तिच्या घरच्या पार्लरमधल्या बायकांना दम दिला होता की बाजार संपेपर्यंत फोनला कुणी हात लावायचा नाही. एक बाई डोक्याला रंग लावून बसली होती. ती म्हणाली, "नाबोर, फोनकडे असा बघत बसलास तर तो लाजेल रे." फोन वाजला तो एकदा शॅम्पूवाल्याचा आणि एकदा माझ्या आईचा.

माझा करार जूनमध्ये संपला. म्हणजे कायद्यानं मी मोकळा आहे. पण तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर आता पलीकडच्या बाजूला बसता. नवा क्लब जुन्या क्लबाला विचारतो, "तुमची हरकत नाही ना?" जुना "आहे" म्हणाला की विषय मिटला. हे कुठं लिहिलेलं नाही, त्यावर कुणाची सही नाही. सभ्य माणसांचा करार म्हणतात त्याला. दॉन आबुंदिओंनी माझ्यावर हरकत घेतली, कारण मी रेडिओवर म्हणालो की त्यांच्या बसमध्ये बकऱ्यासुद्धा बसायच्या नाहीत. खोटं बोललो का? रात्रभर त्या बसमध्ये गुडघे हनुवटीला लावून प्रवास करायचा आणि उतरल्याबरोबर नव्वद मिनिटं पळायचं. तुम्हीही पळालात. तेव्हा त्या बसला तुम्ही काय म्हणायचात, ते लिहीत नाही, पत्र एखाद्या वेळी तुमच्या बायकोच्या हाती पडायचं.

माफी मागा म्हणालात, तुमच्याच खोलीत, दार लावून. "दोन शब्द आहेत, कोंपाद्रे. टाका म्हणून." मी नाही टाकले आणि टाकणारही नाही. मला फक्त एक हंगाम हवाय. कुठलाही क्लब चालेल, तळाचा असला तरी. मला माझ्या पायांनी मैदानाबाहेर यायचंय, टाळ्या वाजोत न वाजोत. त्यासाठी तुम्ही एक वाक्य बोलायचं: आमची हरकत नाही.

लेक नेरेइदाकडून तिच्या धर्मपित्याला, म्हणजे माझ्या कोंपाद्रेला, पापा.

नाबोर


साल्तियो, २२ सप्टेंबर १९९६

कोंपाद्रे,

पत्र मिळालं नसेल असं धरून चालतो. टपालखात्यावर दोष टाकला की बरं वाटतं.

मी उत्तम आहे. रोज सकाळी सापालिनामेच्या डोंगराकडे पळायला जातो. वजन वाढलेलं नाही. गुडघा ठणठणीत आहे. कुणी काही सांगितलं तर विश्वास ठेवू नका; घरात बर्फ येतो तो पार्लरच्या बायकांना थंड पाणी लागतं म्हणून. डोंगरावरून खाली येताना मी आडवा-आडवा उतरतो, तीही एक सरावाची पद्धत आहे.

तुमचे सामने रेडिओवर ऐकतो. माझ्या जागी मधल्या फळीत तो दाढीवाला घेतलाय ना? चेंडू मिळाला की आधी आकाशाकडे बघतो म्हणे. अहो, आपल्या खेळात चेंडू मिळायच्या आधी बघायचं असतं. मी तुमच्याकडे न बघता चेंडू द्यायचो, कारण तुम्ही कुठं असणार ते मला माहीत असायचं. आळशी माणूस नेहमी बचावपटूच्या डाव्या खांद्याआड उभा राहणार. गोल तुम्ही करायचात, फोटो तुमचा छापून यायचा, आणि त्या फोटोच्या कडेला एक कोपर दिसायचं, ते माझं. मी कधी तक्रार केली नाही. आताही करत नाही.

एल्विया ऑगस्टमध्ये तुमच्या बायकोचे केस कापायला तुमच्याकडे आली होती. तुम्ही घरीच होतात म्हणे. मी विचारलं, "काय म्हणाला?" ती म्हणाली, "काय म्हणणार? पाणी प्यायले आणि बसून राहिले." त्या दिवसापासून ती माझ्याशी फार गोड वागते. उशिरा उठलो की ओरडत नाही, तुमचं नाव काढते. "तुझ्या कोंपाद्रेनं काय केलं बघ तुझं," एवढं म्हणते, आणि मी रागानं उठून बूट घालतो. बायको असावी तर अशी. निदान ती तरी माझ्या बाजूनं आहे.

हिवाळ्यात पुन्हा बाजार भरेल. तेव्हा तरी बोला.

नाबोर


साल्तियो, १८ नोव्हेंबर १९९६

कोंपाद्रे,

तुमच्या कानावर गेलंच असेल, म्हणून मीच सांगतो. रविवारी मी दोन्या चोनाच्या बेकरीकडून खेळतो. नुसती मजा म्हणून. पाय मोकळे राहतात.

मैदान म्हणजे रेल्वेच्या रुळापलीकडची मोकळी जागा. गवत औषधालाही नाही. एका गोलला जाळी आहे, दुसऱ्याला नाही, त्यामुळे नाणेफेक जिंकलेला कप्तान आधी जाळीकडे बोट दाखवतो. दोन्या चोना घरची स्वयंपाकघरातली खुर्ची आणून रेषेवर बसते. डोक्यावर छत्री, मांडीवर पुल्केची दारू घालून आंबवलेल्या पावांची टोपली. चांगला पास दिला की पाव फेकते. वाईट दिला की शिवी. मला मोबदल्यात आठवड्याचे पाव मिळतात आणि सामना जिंकला तर कब्रितोचं एक ताट. पहिल्या विभागातला एकेकाळचा कप्तान बकरीच्या पिलासाठी धावतोय, हे वर्तमानपत्रवाल्यांना कळवू नका.

पहिल्या रविवारी सगळे नुसते माझ्याकडे बघत होते. समोरच्या टायरवाल्यांच्या संघातला एक जण माझ्याशी हात मिळवून म्हणाला, "दॉन नाबोर, माझ्या वडिलांना तुम्ही फार आवडायचात." वडिलांना! मग त्यानं चेंडू माझ्या डाव्या बाजूनं नेला आणि मी वळेपर्यंत गोल झाला. माती भुसभुशीत होती, पाय घसरला. दोन्या चोना खुर्चीवरून उठून ओरडली, "अरे नाबोर, पाव मी खेळणाऱ्याला देते, बघणाऱ्याला तिकीट लावते!" सगळं मैदान हसलं. मीही हसलो. घरी आलो तेव्हा एल्वियानं विचारलं, "कसं झालं?" मी म्हणालो, झकास. ती बर्फ आणायला गेली. पार्लरला त्या दिवशी सुट्टी होती.

बाजार डिसेंबरात आहे. मी तुम्हाला आठवण करून देत नाही, तारीख तुम्हाला माहीत असणारच.

नाबोर


साल्तियो, १४ जानेवारी १९९७

हिल्दार्दो,

आज तुला कोंपाद्रे म्हणत नाही. नेरेइदाच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी आपण पाद्र्यासमोर हात मिळवले आणि अरे-तुरे सोडून अहो-जाहोवर आलो, रीत आहे म्हणून. लहानपणापासूनच्या मित्राला "तुम्ही" म्हणताना पहिले काही महिने आपल्याला हसू यायचं. इतकी वर्षं मी ते पाळलं. आज नाही पाळत. तू त्या लायकीचा नाहीस.

बाजारात पुन्हा माझं नाव नाही. मग मीच लाज सोडली. दुसऱ्या विभागातला, वाळवंटाच्या कडेचा तो क्लब, जिथं आपला जुना प्रशिक्षक आहे, तिथं फोन लावला. आपण त्याला म्हातारा म्हणायचो, तो आता खरंच म्हातारा झालाय. माझा आवाज ऐकून आधी खूश झाला. "नाबोर! पोरा! बायको कशी आहे?" मी म्हणालो, मला खेळायचंय, जेवणखाण्यावर येतो, बाकी काही नको. मग म्हणाला, "चौकशी करून कळवतो." कुणाकडे चौकशी करणार तो? तुझ्याकडेच ना? त्यानंतर त्याचा फोन नाही. मी लावला तर त्याची बायको म्हणते, बाहेर गेलेत. सगळं जग बाहेर गेलंय, हिल्दार्दो, आणि मी एकटा घरात आहे.

तू "हरकत आहे" म्हणालास. कोणत्या तोंडानं म्हणालास, तेवढं सांग. त्या पावसाळी सामन्यात तुझ्या नडगीवर बसणारी लाथ मी माझ्या गुडघ्यावर घेतली. तुझं पुढचं वर्ष वाचलं, तू राष्ट्रीय संघात गेलास. मी कधी बोललो नाही, कारण मधल्या फळीतल्या माणसाचं कामच ते. पण आज बोलतो. हा गुडघा तुझा आहे. हो, दुखतो. चढताना दुखतो, उतरताना दुखतो, झोपेत कूस बदलताना दुखतो. झालं समाधान?

आता चौकात कुणीही विचारलं की मी सांगतो, मला हिल्दार्दो रेंतेरियानं संपवलं. न्हावी विचारतो, त्याला सांगतो. दूधवाला विचारत नाही, त्यालाही सांगतो. लोक तुझ्या नावानं थुंकतात आणि मला बरं वाटतं.

नाबोर सेपेदा


साल्तियो, १७ मार्च १९९७

कोंपाद्रे,

मागच्या पत्रात जीभ सैल सुटली. अहो-जाहोवर परत येतोय. रागावला असाल तर रागवा, पण वाचा.

मी दॉन आबुंदिओंच्या ऑफिसात जाऊन आलो. तुम्हाला कळलं नसेल, तुम्ही संघाबरोबर दक्षिणेला होतात. एल्वियाला सांगितलं नव्हतं. लग्नातला कोट घातला, तो पोटावर बसला नाही, तसाच उघडा ठेवला. तासभर बाहेर बसवलं. आत गेलो तर ते दुपारची झोप काढून नुकतेच उठले होते. मी उभ्या उभ्या म्हणालो, "दॉन आबुंदिओ, मी तुमच्या बसबद्दल जे बोललो त्याची माफी मागायला आलोय." घोकून गेलो होतो.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कोण हे आठवत नाहीये. मग हसले. "सेपेदा! अरे, बस बदलली की मी. आता गारव्याचं यंत्र आहे तिच्यात." मी म्हणालो, "मग माझ्यावरची बंदी?" ते म्हणाले, "कसली बंदी घेऊन बसलास? जा घरी, पोरीला आशीर्वाद सांग." आणि घंटी वाजवली.

कोंपाद्रे, माणूस इतका दुष्ट असू शकतो? शिव्या दिल्या असत्या तर सहन झालं असतं. पायाशी आलेल्या माणसाला बंदीच नाही म्हणून सांगायचं, आणि बंदी तशीच ठेवायची! जिन्यावर मला बसावं लागलं. शिपाई म्हणाला, पाणी आणू का?

आता माझ्याकडे एकच गोष्ट उरली. ती मी आजवर वापरली नाही. आपल्याकडे धर्ममुलीच्या नावानं मागितलेलं कोंपाद्रेला नाकारता येत नाही, आणि ते आयुष्यात एकदाच मागायचं असतं. तर मी नेरेइदाच्या नावानं मागतो. ईस्टरनंतरच्या रविवारी आमचा टायरवाल्यांशी अंतिम सामना आहे. या आणि मला खेळताना पाहा. स्वतःच्या डोळ्यांनी. मग ठरवा.

तुमचा कोंपाद्रे
नाबोर


साल्तियो, ८ एप्रिल १९९७

कोंपाद्रे,

परवा झालं ते पुन्हा लिहून काढतोय, कारण मी सगळं नीट ऐकलं की नाही याची मला खात्री नाही. चुकलं असेल तर मनातल्या मनात दुरुस्त करा.

तुम्ही आलात. मातीत लांब पँट मळेल म्हणून तुम्ही ती घोट्यावर दुमडली, तेव्हाच मला कळलं की तुम्ही शेवटपर्यंत थांबणार. दोन्या चोनानं तुम्हाला ओळखलं आणि टोपली जवळ ओढली. "याला पाव नाही," म्हणाली. मी बारा वर्षं मागे गेल्यासारखा खेळलो. पहिल्या अर्ध्यात मी दोन चेंडू हिसकावले आणि बेकरीच्या त्या भट्टीवाल्याला न बघता पास दिला, त्यानं तो गोलच्या वरून मारला, पण पास तुम्ही पाहिलात. मान हलवलीत. मी तेवढ्यावर दुसरा अर्धा खेळलो. मग तो टायरवाला माझ्या डावीकडून गेला. पुन्हा गेला. माती तशीच होती, तिचा काही दोष नव्हता.

सामन्यानंतर आपण पावाच्या रिकाम्या खोक्यांवर बसलो. मी म्हणालो, "पाहिलंत ना? आता एक फोन करा."

तुम्ही म्हणालात, "केला होता."

"कुणाला?"

"सगळ्यांना. ऑगस्टमध्येच. दॉन आबुंदिओंचा राग महिनाभरसुद्धा टिकला नाही, कोंपाद्रे. बंदी मी तेव्हाच उठवून घेतली. नंतर एकेका क्लबाला मीच विचारलं. डिसेंबरात पुन्हा विचारलं. म्हाताऱ्यालाही मीच आधी फोन केला होता."

"मग?"

तुम्ही बुटावरची धूळ हातानं पुसत होतात. ती पुसली जात नव्हती. "ते म्हणाले, माणूस सोन्यासारखा आहे. पण त्याला आता वळता येत नाही."

मी विचारलं, मला सांगितलं का नाही. तुम्ही म्हणालात, "कोमाद्रे नको म्हणाल्या." एल्विया! माझी बायको! मला हसू आलं, ते तुम्हाला विचित्र वाटलं असेल. मग तुम्ही म्हणालात, "तुमची सगळी पत्रं वाचली. खोटं लिहिता येईना आणि खरं लिहायला बंदी होती." आणि उठून गेलात. निरोपही नीट घेतला नाहीत. मी तरी कुठं घेतला.

यापुढचं तुम्हाला माहीत नाही. घरी गेलो. एल्विया कुणाचे तरी केस विंचरत होती. मी म्हणालो, "तुला माहीत होतं." तिनं कंगवा खाली ठेवला आणि त्या बाईला उद्या यायला सांगितलं. मग म्हणाली, "जुलैमध्ये तू अंथरुणातून उठत नव्हतास, नाबोर. भिंतीकडे तोंड करून पडायचास. तुला राग आला की तू उठायचास, दाढी करायचास, पळायला जायचास. मी तुझ्या कोंपाद्रेला म्हणाले, त्याच्याजवळ राग तेवढा राहू द्या. तो काढून घेतलात तर त्याच्याजवळ काय उरेल?" तिच्यावर चिडावं असं फार वाटलं, पण चिडायला काही हाती लागेना. काल दिवसभर मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. ती दोनदा येऊन बघून गेली. दुसऱ्यांदा ती दारातच उभी राहून रडली. मला जाग आहे हे तिला कळू दिलं नाही.

आज उठलो ते हे पत्र लिहायला.

माझं एक मागणं आहे. धर्ममुलीच्या नावाचं मागणं मी वापरून बसलोय, तेव्हा हे नुसतं मित्राचं समजा. बंदी उठली हे कुणाला सांगू नका. चौकात सगळ्यांना वाटतं, नाबोर सेपेदा अजून खेळला असता, त्याला लांब पँटवाल्यांनी अडवलं. न्हाव्याला तसंच वाटतं, माझ्या आईला तसंच वाटतं. नेरेइदाला तर तसंच वाटतं. शाळेत कुणी विचारलं तर ती मान ताठ करून सांगते, "माझ्या बाबांवर बंदी आहे." तिला तसंच सांगू द्या.

म्हणजे मला तुम्हाला शिव्या देत राहावं लागेल. आधी मनापासून देत होतो, त्या सोप्या होत्या. आता ठरवून द्याव्या लागतील. दोन्या चोनाच्या दुकानात देईन, न्हाव्याकडे देईन, रस्त्यात समोर आलात तर थुंकून तोंड फिरवीन. तुम्ही मान खाली घालून पुढं जा. ऑक्टोबरात नेरेइदा पंधरा वर्षांची होईल. मोठा समारंभ करू आम्ही, एल्विया आत्तापासून कापड बघतेय. पंधराव्या वाढदिवसाला धर्मपित्यानं तिचा हात धरून नाचायचं असतं. ती विचारेल, तुम्हाला का नाही बोलावलं. मी सांगेन, ज्यानं तुझ्या बापाला संपवलं तो या दारात येणार नाही.

तेव्हा त्या दिवशी गावाबाहेर राहा, कोंपाद्रे. आणि या पत्राचंही उत्तर देऊ नका.

नाबोर